मोरीतून आलेली हळद

झालं गेलं गंगेला मिळालं, असं म्हणतात. मी ज्या नदीवर नोकरी करते तिला काय काय मिळतं ते रोज बाटलीत भरून बघते, त्यामुळं ही म्हण मला कुणी ऐकवू नये. मी माफ करणाऱ्यातली बाई नाही. चुलतभावाला मी माफ केलेलं नाही आणि त्याच्या मुलीच्या हळदीत मी जे केलं त्याबद्दल मला त्याच्यापुरता तरी काडीचा पश्चात्ताप नाही. मुलीचं वेगळं. तेही सांगते.

सांडपाण्याच्या प्लांटवरची प्रयोगशाळा माझ्याकडं आहे. वरच्या अंगाच्या वस्तीतलं संडास-मोऱ्यांचं, हॉटेलांचं, बंगल्यांचं पाणी नळातून आमच्याकडं येतं. जाळीत चिंध्या, केस, प्लास्टिक अडकतं ते ओढून काढायचं, वाळू खाली बसू द्यायची आणि मग मोठ्या टाकीत दिवसरात्र हवा सोडत ठेवायची. त्या टाकीत कोट्यवधी जिवाणू असतात, ते घाण खातात. खाऊन जड झाले की तळाला बसतात आणि वरचं नितळलेलं पाणी औषध मारून नदीत सोडायचं. टाकी नीट चालली असली तर तिच्या गाळाला मातीचा वास येतो, नांगरलेल्या रानासारखा. कुणाला खरं वाटत नाही. पाहुण्यारावळ्यांत माझी ओळख अजून ‘मैल्याच्या कारखान्यातली’ अशीच आहे. असू दे. उन्हाळ्यात आमच्या भागात इंद्रायणीला जे काही वाहतं पाणी दिसतं, ते बरंचसं मी धुऊन सोडलेलं असतं.

मी राहते कामशेतला. नवऱ्याची नोकरी तळेगावला आणि मला स्कूटरवरून वर प्लांटला जायचं असतं, म्हणून आम्ही मधलं ठिकाण धरलं. माहेर वाटेतच, मळवलीच्या पुढं, भाज्याच्या अलीकडं. तिथं वडील एकटे राहतात. त्यांना सगळं गाव आबा म्हणतं, मीही आबाच म्हणते.

गावाखाली नदीला एक डोह आहे. काठावर शेंदूर फासलेले सात दगड, त्या आमच्या सात आसरा. त्या डोहात कुणी गळ टाकत नाही, जाळं लावत नाही. तिथले मासे आसरांचे. त्यांना दर सोमवारी घरच्या तांदळाचा भात घालायचा मान आमच्या घराकडं, म्हणजे आबांकडं. आबा गुडघाभर पाण्यात उतरायचे आणि भात टाकायच्या आधी ओंजळभर पाणी घेऊन प्यायचे. मी जशी शिकले तशी त्यांच्यावर ओरडायला लागले. “आबा, वर एवढी वस्ती झालीय, हे प्यायचं पाणी नाही. चूळ भरा आणि थुंका.”

“ज्या पान्यात त्यास्नी ठिवायचं त्ये आपुन आदी चाखाया नगं?” आबा म्हणायचे आणि घटाघटा प्यायचे. मग भात पडायचा आणि हाताएवढे मासे पायांशी यायचे. माशांना आबांचे पाय ओळखीचे होते, हे मी चेष्टेनं सांगत नाही. मी उतरले की लांब पळायचे.

आता चुलतभाऊ. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, मी त्याला दादा म्हणते, अजूनही तोंडातून दादाच येतं. रस्त्याकडेच्या आमच्या सामाईक माळावर त्याचा वाटा मोक्याचा निघाला. तिथं त्यानं रिसॉर्ट बांधलं. खोल्या, पोहायचा तलाव, लग्नाचं लॉन, पावसाळी नाच म्हणून वरून फवारे. शनिवार-रविवारी पाय ठेवायला जागा नसते. माणूस कर्तबगार, मी नाही म्हणत नाही. बोलायला गोड, गावातल्या अर्ध्या पोरांना कामाला लावलं, देवळाचा सभामंडप बांधून दिला. आणि आपल्या रिसॉर्टचं सांडपाणी साफ करायला स्वतःचा छोटा प्लांट बसवला. त्याच्या उद्घाटनाला मलाच नारळ फोडायला बोलावलं होतं. “आमची ताई यातली तज्ज्ञ,” असं माइकवर म्हणाला. मी फोडला. मूर्ख मी.

मागच्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका सोमवारी आबा भात घेऊन डोहावर गेले तर मासे वरच होते. पोटं वर करून. काठाला, दगडांच्या बेचक्यात, सगळीकडं. आबांनी मला फोन केला, “डोहाकडं ये,” एवढंच म्हणाले. मी प्लांटवरून तशीच निघाले.

डोहाच्या तोंडाशी, सात दगडांच्या अगदी शेजारी, एक ओढा नदीला मिळतो. उन्हाळ्यात तो कोरडा असायला हवा. त्या दिवशी ओला होता आणि दगडांवर चरबीचा पांढरा थर होता. मी ओढ्याच्या वरच्या अंगाला नदीचं पाणी घेतलं, खालच्या अंगाला घेतलं. वर पाण्यात हवा भरपूर होती, म्हणजे माझ्या प्लांटचं पाणी ठीक होतं. खाली हवा जवळजवळ नव्हतीच. मासे बुडून मेले म्हटलं तर लोक हसतील, पण तेच झालं होतं, गुदमरले होते. ओढा कुठून येतो ते शेंबडं पोरही सांगेल. दादाच्या माळावरून.

दोन दिवसांनी ग्रामसभा भरली. मी कागद घेऊन उभी राहिले, तर माझ्याआधी दादा उठला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “आसरांचे मासे गेले, गावावर केवढं मोठं संकट. बोलायला जीभ धजत नाही, पण वर मैल्याचा कारखाना आहे, सगळ्या वस्तीची घाण तिथून सुटते. आणि आमचीच मुलगी तिथं बसलीय.” मी आकडे वाचायला लागले तर हात जोडून म्हणाला, “ताई, राग मानू नको. पण ज्याच्यावर आळ त्यालाच चौकशीला बसवायचं का?” सभा हसली. चोराच्या उलट्या बोंबा म्हणजे काय ते मी त्या दिवशी उभ्या उभ्या पाहिलं. कुणीतरी मागून म्हणालं, ज्या घरात मासे मारणारी, त्या घरात मान कसा ठेवायचा? दादानं लगेच खाली मान घातली आणि गावाच्या आग्रहाखातर आसरांचा मान स्वतःकडं घेतला.

आबा सगळा वेळ खांबाला टेकून बसले होते. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, “तुजं पानी हुतं का गं त्ये?”

“नाही आबा.”

“मंग कुनाचं?”

“दादाचं.”

“पुरावा हाय?”

नव्हता. आबा म्हणाले, “भावकीतल्यावर बिनपुराव्याचं बोट दाखवू नगं.” त्यानंतर ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी रविवारी डबा घेऊन जायची. ते खायचे, डबा घासून दारात ठेवायचे आणि पाठ करून बसायचे. सोमवारी सकाळी उठून सवयीनं भात शिजवायचे, मग कुत्र्याला घालायचे. डोहाकडं एकदाही गेले नाहीत. माणसाला मारायचं असेल तर असं मारतात, आणि दादानं ते सभामंडपाला देणगी द्यावी तितक्या सहज केलं. मला त्या वर्षभरात एकच गोष्ट हवी होती: आबा पुन्हा डोहात उतरलेले बघायचे होते, आणि दादाला त्याच डोहाच्या काठावर तोंडघशी पडलेलं. खोटं कशाला बोलू, दुसरी जास्त हवी होती.

पुरावा शोधायला मी ओढा पायांखाली घातला. करवंदीच्या जाळीमागं, काठाच्या दगडी पिचिंगमध्ये, हातभर रुंद पाइपाचं तोंड सापडलं. प्रदूषणाच्या खात्यातल्या एका साहेबांना तक्रार लिहिली. ते भले माणूस, दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा पाइप कोरडा आणि दादाचा छोटा प्लांट नव्या नवरीसारखा नटून घरघरत होता. दादा म्हणाला, “साहेब, तो पाइप पावसाच्या पाण्याचा. छपरावरचं पाणी.” कागदावरही तसंच होतं. मला माहीत होतं की शनिवार-रविवारी पाहुणे वाढले की त्याचा तो खेळण्यातला प्लांट भरून वाहतो, आणि मग मोऱ्या, संडास, स्वयंपाकघर, धोबीघर, सगळ्याचं पाणी त्याचे कामगार न विचारता झडप उघडून त्या पाइपातून सोडून देतात. पण पाणी काही ओरडून सांगत नाही की मी मोरीचं आहे. त्याला ओळख पटवणारं काहीतरी हवं होतं. आमच्या धंद्यात कोणती मोरी कुठं निघते ते बघायला रंग सोडतात. माझ्या हातात रंगाची पुडी होती, पण दादाच्या मोऱ्यांपर्यंत मला पोचवणार कोण?

त्यानंच पोचवलं. मुलीचं लग्न ठरलं आणि अक्षता घेऊन घरी आला. हसत हसत म्हणाला, “झालं गेलं विसर. आत्याशिवाय हळद कशी लागणार?”

आमच्या भावकीत नवरीची हळकुंडं आत्याच्या घरून जातात. पाच सवाष्णी ती जात्यावर दळतात, आणि दळलेली पहिली वाटी डोहावर जाते. आसरांना हळद लागल्याशिवाय नवरीच्या अंगाला लावायची नाही. हा क्रम कुणी मोडत नाही. म्हणजे माझ्या लग्नापर्यंत तरी मोडत नव्हता.

दादाच्या पत्रिकेसोबत कार्यक्रमाचं एक गुळगुळीत कार्ड होतं. मी ते चष्मा लावून वाचलं. दहा वाजता ‘हळदी सोहळा’, अकराला ‘हळदी रेन डान्स’, त्यानंतर पाहुण्यांचं स्नान आणि जेवण, आणि दुपारी दीड वाजता ‘जलदेवता पूजन, ड्रोन शूट’. फोटोवाल्याला दुपारचा उजेड हवा होता म्हणून आसरांचा नंबर नवरीच्या नंतर लावला होता. मी कार्ड दोनदा वाचलं. कुणीही शहाणी आत्या त्याला तिथंच फोन करून म्हणाली असती, अरे दादा, उलटं केलंस, आधी डोहावर जा. मी मूग गिळून बसले. शनिवारचा दिवस, शेकडो पाहुणे, सगळे हळदीनं माखणार, सगळे धुणार, आणि त्याचा प्लांट भरून वाहणार. ज्या वेळी त्या मोऱ्या डोहात उतरतील त्याच वेळी हा फेटा बांधून, ताट घेऊन, सगळ्या गावासमोर आसरांपुढं उभा असणार. देव आंधळा नसतो हो.

मी कामशेतच्या बाजारातून हळकुंडं घेतली. आत्यानं पाच हळकुंडं द्यायची असतात. मी पाच वाटीत ठेवली आणि सोबत दळलेल्या हळदीचं अख्खं पोतं दिलं. आधी बाजारातून चार जिवंत मासे आणून बादलीत हळद कालवून दोन दिवस ठेवले होते. मासे मजेत होते. उरलेसुरले आसरांचे मासे माझ्या हातून मरू नयेत एवढी खात्री मी करून घेतली. पोतं बघून दादाला भरून आलं. “आत्याचा आहेर बघा!” असं सगळ्यांना दाखवत सुटला. त्यानं ते अख्खं पोतं रेन डान्सच्या पाण्यात ओतायला लावलं.

खात्याच्या साहेबांना मी आमंत्रण दिलं. “गावच्या आसरांची पूजा आहे, दीडच्या आधी डोहावर या, नमुन्याच्या बाटल्या असू द्या.” ते माझ्याकडं बघत राहिले, आणि येतो म्हणाले.

हळदीच्या दिवशी मी जरीचं लुगडं नेसले, नथ घातली. माझ्या भाचीच्या गालाला हळद लावली. ती खूप गोड मुलगी आहे. माझ्या कानात म्हणाली, “आत्या, तुम्ही आलात, मला वाटलं नव्हतं.” एक क्षण वाटलं, दादाला बाजूला घेऊन सांगावं. तेवढ्यात तो माइकवर ओरडला, “आत्याबाई, नाचा की!” आणि मला आबा आठवले, खांबाला टेकलेले. मी नाचले. वरून पिवळा पाऊस पडत होता, पाहुणे किंचाळत होते, लॉनच्या कडेच्या गटारी पिवळ्याधमक होऊन जाळीखाली पळत होत्या. मी पदर सावरत त्या जाळीजवळच नाचत राहिले. मग सगळे धुवायला खोल्यांकडं पळाले आणि पोरं पिवळ्या टॉवेलांचे ढीगच्या ढीग धोबीघरात नेऊन टाकू लागली.

सव्वाला वाजत गाजत डोहावर निघालो. पुढं दादा फेटा बांधून, हातात हळदीकुंकवाचं ताट. मागं नवरी, मग आम्ही बायका, वर ड्रोन. गाव आधीच जमलं होतं. आबाही आले होते. गर्दीच्या पार मागं, आंब्याला टेकून. साहेब पिशवी घेऊन बाजूला उभे होते. डोहात पाणी निवांत होतं, ओढा सुकलेला.

दादा चपला काढून घोट्याएवढ्या पाण्यात उतरला. पहिल्या आसरेला हळद लावायला वाकला, आणि ओढ्यातून पाणी आलं.

आधी पिवळा ओघळ. मग चांगली धार. पिवळीजर्द, फेसाळ, दगडादगडांवरून उड्या मारत थेट सात आसरांच्या पायाशी. त्यात कुणाचा तरी केसांचा गजरा वाहत आला, कुणाची टिकली चिकटलेलं साबणाचं वेष्टन. दादा वाकलेला तसाच राहिला. ड्रोनवाला खूश होऊन ओरडत होता, “वा साहेब, काय इफेक्ट आहे!” त्याच्या मागोमाग धोबीघराचं पाणी पोचलं आणि पिवळ्याचं लाल झालं. लालभडक. डोहाच्या तोंडाशी लाल पट्टा पसरत चालला.

“रगत! आसरांचा कोप झाला!” एका म्हाताऱ्यानं बोंब ठोकली. चार-सहा माणसं काठावरून मागं सरली. कुणी हात जोडले, कुणी पोरांना उचललं.

वाटलं होतं आता मला बोलावं लागेल. सगळं मनात जुळवून ठेवलं होतं, धोबीघरातला सोडा काय, हळद काय. पण माझ्या शेजारची म्हातारी मावशी, आयुष्यभर चार घरची धुणी केलेली, ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “मुडद्यांनो, रगत कुटलं? हळदीला साबन लागलाय. तुमी कदी कापडं धुतल्यात का?”

ज्या बाईनं हळदीचा डाग एकदा तरी साबणानं घासलाय तिला वेगळं सांगावं लागत नाही, डाग लालच होतो. मग एकेकीचं डोकं ओढ्याच्या वर वळलं, दादाच्या माळाकडं. मग दादाकडं.

मावशीच पुन्हा बोलली, या वेळी सावकाश. “म्हंजी ह्यो नहाणीचा पाट हाय. आंग धुतलेलं पानी. उष्टी हळद आसरास्नी आदी पोचली, ती बी मोरीतनं.”

दादा म्हणाला, “पावसाचा पाइप आहे तो—” आणि थांबला. वर आभाळ भाजत होतं. अख्खं गाव त्या आभाळाकडं बघून हसलं. मीही हसले, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. साहेब पाण्यात उतरले आणि स्वतःच्या हातानं त्यांनी बाटल्या भरल्या. मी बोटसुद्धा लावलं नाही. दादाच्या पायाशी लाल पाणी, हातात ताट, फेट्याचा तुरा डोळ्यावर आलेला. मी त्याच्याजवळ गेले आणि हळूच म्हणाले, “दादा, राग मानू नको. ज्याच्यावर आळ त्यानं चौकशीला बसू नये.” एक वर्ष मी हे वाक्य तोंडात धरून होते. किती बरं वाटलं म्हणून सांगू.

आणि मग मी वळले तर भाची उभी. अंगावर पिवळं लुगडं, गालावर माझीच हळद. ती रडत नव्हती. तिनं पाण्याकडं बघितलं, पोत्याची आठवण तिला झाली असावी, आणि मग माझ्याकडं बघितलं. तिला कळलं. तिनं तोंड फिरवलं आणि चालू लागली.

आबा गर्दीतून पुढं आले होते. वर्षात पहिल्यांदा ते माझ्याशी बोलले. “त्याचं बरं झालं,” आबा म्हणाले, “पर पोरीची हळद बाटवलीस. तिनं काय केलं हुतं?”

आबांनीच घरून नवी पाच हळकुंडं आणली. मावशीनं ती वरवंट्यानं तिथंच कुटली, ओढ्याच्या वरच्या अंगाला नदीच्या पाण्यात भिजवली, आबांनी आधी सातही दगडांना लावली आणि मग भाचीला पुन्हा हळद लागली. मी लावायला पुढं झाले तर आबांनी वाटी माझ्या हातात दिली नाही. लग्न दुसऱ्या दिवशी नीट पार पडलं. भाची आता सासरी सुखात आहे असं ऐकते. मला फोन करत नाही.

दादाचं काय झालं? पाइप उखडून काढला. नुसता बंद करून चालणार नाही असा आदेश निघाला, त्याचं सगळं सांडपाणी वस्तीच्या मोठ्या नळाला जोडायचं ठरलं. रिसॉर्ट नळाच्या खालच्या पातळीवर, म्हणून घाण वर चढवायला त्याला पंप बसवावा लागला. आसरांचा मान गावानं न मागता आबांना परत दिला. दादा मला रस्त्यात दिसला की गाडीची काच वर करतो. करू दे.

फक्त एक गोष्ट मी हिशोबात धरली नव्हती. मोठा नळ येतो कुठं? माझ्याकडं. आता दर सोमवारी सकाळी त्याच्या शनिवार-रविवारची चरबी, त्याच्या धोबीघराचा सोडा, त्याच्या पाहुण्यांचं सगळं माझ्या टाकीत येतं. माझ्या जिवाणूंची दातखीळ बसते, गाळ काळा पडतो, आणि मी टाकीत हवा सोडणारे ब्लोअर वाढवत, चरबी खरवडत, दातओठ खात बसते. सूड घेतला मी आणि त्याचं धुणं आलं माझ्याच गळ्यात, रिटायर होईपर्यंत. पण एक थेंब तसा खाली जाऊ देत नाही. मातीचा वास येईपर्यंत घरी जात नाही. त्याच्या नावानं रोज शिव्या देते आणि त्याची घाण रोज स्वच्छ करून सोडते.

पाइप निघाल्यावर काही आठवड्यांनी आबांनी मला निरोप धाडला, सोमवारी डोहावर ये. गेले तर काठावर मावशी, आणखी दहा-बारा माणसं. आबांनी धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरले. थोडा वेळ काही नाही. मग एक मासा आला, बोटाएवढा. मग आणखी दोन. आबा ओळखीच्या माणसांशी बोलावं तसं काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी ओंजळ भरली.

मी ओरडले. “आबा, नको! प्यायचं नसतं ते! मी सोडलेलं पाणी नदीसाठी आहे, माणसासाठी नाही!”

आबांनी माझ्याकडं बघितलं. “वरनं येतंय त्ये तुजंच हाय न्हवं?” सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “तू धुतलेलं?”

“हो, पण—”

“मंग.” आणि ओंजळ तोंडाला लावली. एकदा नाही, दोनदा. सगळ्या गावासमोर. मी काठावर उभी राहून लहान पोरीसारखी रडले.

पुढचे दोन दिवस आबांचं पोट असं काही बिघडलं की विचारू नका. मी रजा टाकून त्यांना मीठसाखरेचं पाणी पाजत बसले. विचारपूस करायला जो कोणी येईल त्याला आबा खाटेवरून सांगत होते, “आंबं लय झालं रं. ह्या वर्षी आंबंच लय झालं.” घरात तेव्हा एकही आंबा नव्हता. त्या दोन दिवसांचा राग मी दादावरच धरलाय.